रोमान्स कादंबऱ्यांच्या संमेलनासाठी पहिल्यांदा परदेशी जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमान्स वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मंडळींकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. व्हिसाचे नियम आणि फी बदलत राहतात. अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ एकदा उघडून बघाच. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्यात लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोमान्सचं संमेलन म्हणजे पुस्तक प्रदर्शनच ना?

नाही. प्रदर्शनात आपण तासाभराची चक्कर मारून येतो. संमेलनाला आधी नाव नोंदवायचं, शुल्क भरायचं आणि दोन-चार दिवस मुक्काम करायचा. त्यातही तीन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की एवढा खर्च करून हिरमोड होतो.

पहिला प्रकार लेखक संघटनांच्या संमेलनांचा. ब्रिटनमधली रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन (स्थापना १९६०) किंवा रोमान्स रायटर्स ऑफ ऑस्ट्रेलिया (१९९१) यांची संमेलनं या जातीची. तिथे कार्यशाळा असतात, संपादकांच्या भेटी ठरतात, करार आणि मानधनावर बोलणं होतं. दुसरा प्रकार वाचकांच्या संमेलनांचा: लेखक टेबलांमागे ओळीने बसलेले, समोर सह्यांसाठी रांगा, रात्री नाचगाणी. तिसरा अभ्यासकांचा. लोकप्रिय प्रणयसाहित्याचा अभ्यास करणारी इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पॉप्युलर रोमान्स ही संस्था अशा परिषदा भरवते; या विषयाला वाहिलेलं तिचं नियतकालिक २०१० पासून निघतं. तिथे शोधनिबंध वाचले जातात. हस्तलिखित घेऊन एजंट (लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा मध्यस्थ) शोधायला गेलात तर एकही सापडणार नाही.

२. ज्या संमेलनांबद्दल लेख वाचले, ती शोधायला गेले तर सापडतच नाहीत. असं का?

कारण इंटरनेटवरचा बराचसा सल्ला शिळा आहे. रोमँटिक टाइम्स या मासिकाचं वाचक-संमेलन १९८२ पासून चालू होतं, ते २०१८ मध्ये मासिकासकट बंद झालं. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही १९८० मध्ये ह्यूस्टनला स्थापन झालेली संघटना एके काळी या क्षेत्रातली सर्वांत मोठी होती. २०१९ च्या अखेरीस वर्णभेदाच्या वादातून ती फुटली, सभासद गळाले, आणि मे २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे ‘रिटा’ पुरस्कारही २०१९ नंतर दिले गेले नाहीत. त्यामुळे ‘अमेरिकेच्या राष्ट्रीय संमेलनाला जा, तिथे सगळे भेटतात’ हे वाक्य दिसलं की लेखाची तारीख बघा. संमेलन निवडताना आयोजकांनी गेल्या वर्षी खरोखर ते भरवलं होतं का, कार्यक्रमपत्रिका निघाली होती का, हे तपासा. पाहुण्यांची नावं मोठी आणि सभागृहाचा पत्ता ‘लवकरच’ असेल तर पैसे भरू नका.

३. मी लिहीत नाही, नुसती वाचते. मला येऊ देतील का?

वाचकांच्या संमेलनात तुमच्यासाठीच तर सगळं असतं. लेखक संघटनांच्या संमेलनाला काही ठिकाणी सभासदत्व लागतं, काही ठिकाणी बाहेरच्यांना जास्त शुल्क असतं. पण न लिहिणारी व्यक्ती तिथे कंटाळेल. कॉपीराइटच्या कलमांवर दोन तासांचं सत्र ऐकायला कोण समुद्र ओलांडतं?

४. मी मराठीत लिहिते. मग एवढ्या लांब जाऊन काय हाती लागणार?

हक्क विकायचे असतील तर संमेलन ही चुकीची जागा आहे. भाषांतराचे हक्क फ्रँकफर्ट किंवा लंडनच्या पुस्तक मेळ्यात विकले जातात, आणि तेही बहुधा प्रकाशक नाहीतर एजंटमार्फत. शिकायचं असेल तर मात्र जरूर जा. संवाद कसा रचायचा, दोघांमधला ताण दोनशे पानं कसा टिकवायचा, मालिकेतल्या दुसऱ्या जोडीची पेरणी पहिल्या पुस्तकात कुठे करायची, या गोष्टी इतक्या मोकळेपणी आणि इतक्या बारकाईने दुसरीकडे बोलल्या जात नाहीत. जाताना कादंबरीचा एक पानाचा गोषवारा आणि पहिल्या प्रकरणाचं नीट केलेलं इंग्रजी भाषांतर जवळ ठेवा. कोणी विचारलं तर ईमेलने पाठवता येईल.

५. जायच्या आधी कुठले शब्द माहीत असायला हवेत?

मोजकेच. ‘ट्रोप’ म्हणजे वाचकांच्या ओळखीचा कथासाचा: शत्रूंचं प्रेमात पडणं, खोटं लग्न, एकच पलंग असलेली खोली. ‘एआरसी’ म्हणजे प्रकाशनाआधी अभिप्रायासाठी दिलेली प्रत. ‘ब्लर्ब’ म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर, ‘स्वॅग’ म्हणजे लेखक वाटतात त्या खुणपट्ट्या आणि बिल्ले.

खरा महत्त्वाचा शब्द ‘एचईए’, म्हणजे ‘हॅपिली एव्हर आफ्टर’. पुस्तकाच्या शेवटी जोडी सुखाने एकत्र असते, ते एचईए. निदान सध्यापुरती तरी एकत्र असते, ते ‘एचएफएन’ (‘हॅपी फॉर नाउ’). कथेच्या केंद्रस्थानी प्रेम आणि शेवट आशादायी, या दोन अटी या व्यवसायात पक्क्या धरल्या जातात. तुमच्या कादंबरीत नायक शेवटच्या प्रकरणात मरत असेल तर ती उत्तम प्रेमकथा असू शकते, पण रोमान्सच्या संपादकापुढे ‘रोमान्स’ म्हणून ठेवलीत तर बोलणं तिथेच संपेल. याला कोणी बंधन म्हणो. रहस्यकथेत खुनी सापडावा अशी अपेक्षा असतेच की.

६. व्हिसा कुठला घ्यायचा? बिझनेस की टुरिस्ट?

नुसती हजेरी लावायची असेल तर बहुतेक देशांत अल्पमुदतीचा पाहुण्यांचा व्हिसा चालतो. नाव मात्र वेगळं. अमेरिकेत व्यावसायिक संमेलनाला हजर राहणं ‘बी-१’ मध्ये येतं, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा बी-१/बी-२ (बी-२ म्हणजे पर्यटनाचा) असा जोडव्हिसाच मिळतो. ब्रिटनमध्ये ‘स्टँडर्ड व्हिजिटर’, सहसा सहा महिन्यांपर्यंत. शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येतं असे युरोपातले देश) अल्पमुदतीचा ‘सी’ प्रकार: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून ते १५ दिवसांपर्यंत करता येतो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. तेव्हा १५ दिवसांची मुदत ही कागदावरची. तुम्ही दोन-तीन महिने हाताशी धरा.

ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. लंडनचं संमेलन आणि बर्लिनची सहल एकाच व्हिसावर होत नाही.

भाषण, मानधन किंवा विक्री असेल तर प्रश्न १६ आणि १७ वाचा.

७. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागायला संकोच वाटतो. मागावं का?

मागा. परदेशी सभासदांसाठी त्यांच्याकडे मसुदा तयार असतो. पत्रात पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, संमेलनाच्या तारखा, जागा आणि तुम्ही शुल्क भरल्याचा उल्लेख हवा. खर्च तुम्ही स्वतः करणार असाल तर तेही त्यात येऊ द्या. या पत्राने व्हिसा मिळतोच असं नाही. परत येण्याची कारणं (नोकरी, घर, शिक्षण, कुटुंब) आणि बँकेतला पैसा या तुमच्या बाजूच्या गोष्टी तुम्हालाच दाखवायच्या असतात.

८. मी टोपणनावाने लिहिते, घरीसुद्धा सगळ्यांना माहीत नाही. नोंदणी कुठल्या नावाने करू?

विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, हॉटेल आणि निमंत्रणपत्र: सगळीकडे पासपोर्टवरचं नाव, अक्षरन् अक्षर तेच. लग्नाआधीचं-नंतरचं आडनाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव, यात फरक असेल तर तो आधीच निस्तरून घ्या. गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र टोपणनाव छापून मिळतं. नोंदणीच्या अर्जात बहुधा त्यासाठी वेगळा रकाना असतो. नसेल तर आयोजकांना लिहा. या क्षेत्रात टोपणनावं इतकी आहेत की कोणाला नवल वाटत नाही.

गुप्तता राखायची असेल तर एवढ्यावर भागत नाही. संमेलनात फोटो आणि व्हिडिओ सतत चालू असतात. ‘माझा फोटो नको’ हे दाखवायला काही ठिकाणी वेगळ्या रंगाची फीत देतात, ती मागून घ्या. हॉटेलच्या स्वागतकक्षात तुम्ही खऱ्या नावाने आहात, त्यामुळे मैत्रिणींना टोपणनावाने खोलीत फोन लावता येणार नाही. व्हिसाच्या अर्जात ‘इतर नावं’ विचारली असतील तर टोपणनाव लपवू नका. तो सरकारी अर्ज आहे, शेजारची मावशी नव्हे.

९. मुलाखतीत ‘कशाचं संमेलन?’ विचारलं तर ‘रोमान्स’ म्हणायची लाज वाटते. नुसतं ‘साहित्य संमेलन’ म्हणू का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर एकच: नाव जसं आहे तसं सांगा. समोरच्या अधिकाऱ्याकडे तुमचं निमंत्रणपत्र आहे, त्यावर ते छापलेलं आहे. तुम्ही चाचरलात, विषय बदललात, की साध्या गोष्टीला उगाच संशयाचा वास येतो. ‘प्रणयकादंबरीकारांचं वार्षिक संमेलन आहे, तीन दिवसांचं, मी कार्यशाळांना बसणार आहे आणि अमुक तारखेला परतणार आहे’ एवढं पुरे. प्रणयकादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली मिल्स अँड बून ही ब्रिटिश प्रकाशनसंस्था १९०८ मधली आहे. तिथल्या अधिकाऱ्याच्या आजीच्या कपाटातही तिची पुस्तकं असतील.

विमानतळावरच्या इमिग्रेशनला हेच उत्तर द्या. ‘कामासाठी आले’ असं सैलपणे म्हणू नका. ‘काम’ या शब्दाला तिथे नोकरीचा अर्थ आहे. नोंदणीची पावती, हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. फोनची बॅटरी नेमकी त्याच रांगेत संपते.

१०. आधी नोंदणी करू की आधी व्हिसा? पैसे बुडाले तर?

कोंडी खरी आहे: पत्रासाठी नोंदणी लागते, आणि नोंदणीनंतर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. नोंदणी आधी करा, पण त्याआधी परताव्याचे नियम वाचा. व्हिसा नाकारल्यास पैसे परत देतो असं काही आयोजक लिहून देतात. हॉटेल रद्द करता येण्याजोगं घ्या. विमानाचं तिकीट शेवटी. प्रवासविम्यावर भरवसा ठेवण्याआधी त्यातल्या वगळलेल्या बाबी वाचा, कारण व्हिसा नाकारल्याचा खर्च बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत.

११. संमेलनाचं हॉटेल महाग आहे. दूरचं स्वस्त घेतलं तर बिघडलं कुठे?

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काही बिघडत नाही. पहिल्या वेळी मात्र जमल्यास तिथेच राहा, हवं तर खोली वाटून घ्या. दिवसाची सत्रं ही संमेलनाची अर्धी बाजू. उरलेली अर्धी लॉबीत, नाश्त्याच्या टेबलावर आणि रात्री अकराला लिफ्टपाशी घडते. दुपारी वीस मिनिटं पाठ टेकायला खोली जवळ असणं ही चैन वाटते, पण वेगळ्या टाइमझोनमधून आलेल्याला ती गरज आहे.

सवलतीच्या खोल्या लवकर संपतात. आयोजकांनी ठराविक खोल्यांची हमी हॉटेलला दिलेली असते आणि त्या भरल्या नाहीत तर भुर्दंड त्यांच्यावर पडतो. प्रश्न २ मधल्या अमेरिकी संघटनेच्या दिवाळखोरीत मोठं देणं हॉटेलांचंच होतं. आणखी एक: पोहोचताच हॉटेल कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलंत तर खर्चायचे पैसेच अडकतात.

१२. मध्ये विमान बदलायचं आहे. विमानतळाबाहेर पडणार नाही, मग तिथला व्हिसा कशाला?

देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत विमान बदलतानाही इमिग्रेशनमधून जावंच लागतं, त्यामुळे व्हिसाची गरज असलेल्या प्रवाशाला तिथून नुसतं पुढे जायलाही व्हिसा हवा. ब्रिटन आणि काही शेंगेन देश ठराविक पासपोर्टधारकांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतात. दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवणाऱ्यांनी विशेष जपावं: सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यायचं म्हणजे त्या देशात शिरणं आलं. तिकीट काढण्यापूर्वी हे बघा, नंतर नव्हे.

१३. सामानात काय न्यावं? आणि येताना पुस्तकं किती आणता येतील?

जाताना बॅग अर्धी रिकामी न्या. फुकट वाटलेली पुस्तकंच इतकी होतात की २३ किलोंची मर्यादा सहज ओलांडते, आणि ३२ किलोंवरची एकच बॅग विमान कंपन्या सहसा घेत नाहीत. जड पुस्तकं दोन बॅगांत विभागा. पॉवर बँक हातातल्या सामानातच, १०० वॉट-तासांपर्यंत. नेहमीची २०,००० एमएएचची सुमारे ७४ वॉट-तासांची असते. ब्रिटनचा प्लग तीन चौकोनी पायांचा, युरोपातला दोन गोल, अमेरिकेतला दोन चपटे आणि वीजदाब १२० व्होल्ट. फोनचे चार्जर सगळीकडे चालतात, केस वाळवायचं यंत्र चालेलच असं नाही.

कपड्यांची फार चिंता नको. दिवसा सगळे साध्या वेषात असतात, रात्रीच्या मेजवानीला एक ठेवणीतला पोशाख पुरतो. साडी असेल तर तीच न्या, ओळख काढायला वेगळं निमित्त लागत नाही. सभागृहं गारठलेली असतात, शाल हवी.

१४. काही पुस्तकांवर उघडीवाघडी चित्रं आहेत, आत तसे प्रसंगही आहेत. कस्टम्सला अडचण येईल?

जिथे ही संमेलनं भरतात तिथे बहुधा नाही. अडचण वाटेत येऊ शकते. आखाती देशांसह काही ठिकाणी अश्लील मानलेलं साहित्य आणायला बंदी आहे, आणि समलिंगी प्रेमाच्या कथांबाबत कायदे कडक आहेत. सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत थेट जात असेल तर मधल्या देशाचे कस्टम्स ते सहसा उघडत नाहीत. पण मध्ये दोन दिवस थांबून शहर बघायचा बेत असेल तर अशी पुस्तकं बरोबर ठेवू नका. संमेलनातूनच टपालाने घरी पाठवणं किंवा ई-प्रत घेणं बरं.

१५. एजंटला किंवा संपादकाला भेटायची वेळ मिळाली आहे. दहा मिनिटांत काय बोलू?

सगळी गोष्ट सांगू नका. दोघं कोण, त्यांना एकमेकांची ओढ का, आणि आड काय येतं: एवढं दोन-तीन वाक्यांत. मग कालखंड, शब्दसंख्या, कादंबरी पुरी झाली आहे का. यानंतर गप्प बसा आणि त्यांना विचारू द्या. शब्दसंख्या खरोखर महत्त्वाची आहे: हार्लेक्विन-मिल्स अँड बूनच्या छोट्या मालिकांमध्ये ५०,००० शब्दांच्या आसपासची कादंबरी लागते, तिथे दीड लाख शब्द घेऊन जाण्यात अर्थ नाही.

इंग्रजी अडखळतं म्हणून घाबरू नका. कागदावर लिहून आणलेलं वाचलं तरी चालतं, पुष्कळ इंग्रजी लेखकही थरथरत्या हाताने तेच करतात. हस्तलिखिताचा गठ्ठा देऊ नका, तो कोणी विमानातून नेत नाही. ‘पाठवा’ म्हणाले तर त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने पाठवा. स्वच्छतागृहात, लिफ्टमध्ये, जेवताना गाठून पिच करणं (आपली कादंबरी पुढे करणं) हा या जगातला मोठा असभ्यपणा आहे. आणि वाचायचे पैसे मागणारा एजंट भेटला तर नमस्कार करून उठा. खरा एजंट पुस्तक विकल्यावर टक्केवारी घेतो, सहसा १५ टक्के, परदेशी हक्कांवर २०.

१६. मला चर्चासत्रात बोलायला बोलावलं आहे आणि थोडं मानधनही देणार आहेत. तोच व्हिसा चालेल?

इथे जपून. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावरच काही सशुल्क कामांना मुभा आहे, त्यात संमेलनातलं निमंत्रित भाषणही येतं. मात्र ते प्रवासाआधी ठरलेलं असावं आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत व्हावं. अमेरिकेत बी-१ वर मानधन घेण्याची सवलत मुख्यतः विद्यापीठं आणि ना-नफा संशोधनसंस्थांच्या शैक्षणिक कार्यक्रमांना आहे: एका ठिकाणी जास्तीत जास्त ९ दिवस आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्थांकडून नाही. हॉटेलात भरलेलं वाचक-संमेलन त्यात बसत नाही. अशा वेळी मानधन नाकारून फक्त नोंदणी शुल्क माफ करून घेता येईल का, हे आयोजकांना आणि गरज पडल्यास वकिलाला विचारा.

१७. माझी पुस्तकं बरोबर नेऊन सह्या करून विकली तर?

सही करा, विकू नका. ब्रिटनच्या व्हिजिटर नियमांत जनतेला थेट विक्री स्पष्टपणे मना आहे, आणि बॅगभर एकाच पुस्तकाच्या प्रती कस्टम्सच्या नजरेत व्यापारी माल ठरतो. सरळ मार्ग म्हणजे संमेलनाच्या अधिकृत पुस्तकविक्रेत्याकडून तुमची पुस्तकं मागवून घेणं. विक्री आणि कर तो बघतो. पुस्तक मागणीनुसार छापलं जात असेल तर तिथेच छापून थेट सभागृहात पोहोचवता येतं. भेट द्यायला दोन-चार प्रती नेल्या तर कोणी काही म्हणत नाही.

१८. एकटीच जाणार. तीन दिवस कोणाशी बोलणं झालं नाही तर?

पहिल्यांदा येणाऱ्यांची छोटी ओळखसभा बहुतेक ठिकाणी असते, ती चुकवू नका. तिथे सगळेच एकटे असतात. संभाषण सुरू करायला ‘सध्या काय वाचताय?’ याहून चांगला प्रश्न नाही. एक दिवस आधी पोहोचा. शरीर नव्या वेळेशी दिवसाला साधारण एक तासाने जुळतं आणि पूर्वेकडे जाताना जास्त रखडतं, त्यामुळे पहिल्या दुपारच्या सत्रांत डुलकी लागणारच. प्रत्येक अर्ध्या दिवसात एकच सत्र ‘हे हवंच’ म्हणून ठरवा, बाकी सोडून द्यायची तयारी ठेवा.

१९. व्हिसा नाकारला. पुन्हा अर्ज करता येतो का?

येतो, पण कारण बदलल्याशिवाय करू नका. अमेरिकेत २१४(बी) या कलमाखाली (परत जाल याची खात्री पटली नाही म्हणून) नकार आला तर बंदी नसते, परिस्थितीत काही नवं असेल तेव्हा पुन्हा अर्ज करायचा. शेंगेनच्या नकारपत्रात कारणावर खूण केलेली असते आणि अपिलाची मुदतही लिहिलेली असते. ब्रिटनच्या व्हिजिटर नकारावर सहसा अपील नाही, नवा अर्जच. आयोजकांना त्याच दिवशी कळवा. परताव्याची मुदत टळते ती बहुतेक वेळा आपण दुःख करत बसल्यामुळे (प्रश्न १०). पुढच्या कुठल्याही अर्जात हा नकार लपवू नका.

२०. संमेलन जर्मनीत तीन दिवस, मग नवऱ्याबरोबर फ्रान्समध्ये आठवडाभर. अर्ज कुठल्या वकिलातीत?

शेंगेनचा नियम मुख्य मुक्कामाचा आहे: जिथे जास्त दिवस, किंवा जिथे जाण्याचा मुख्य हेतू. दिवस मोजले तर फ्रान्स येतो, हेतू धरला तर जर्मनी. तुमच्या कागदांत फ्रान्सची सात रात्रींची हॉटेलं असतील तर जर्मन अधिकारी ‘तिकडे जा’ म्हणू शकतो. शंका असेल तर दोन्हीकडे ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर अर्जाला जोडा, किंवा सुट्टी आखडती घेऊन जर्मनीचे दिवस वाढवा. नवऱ्याचा अर्ज तुमच्याबरोबरच, पण त्याचा हेतू पर्यटन असा लिहा. तो संमेलनाला नोंदलेला नसेल तर सभागृहाच्या दारावर त्याला आत सोडणार नाहीत. मेजवानीचं जादा तिकीट मात्र वेगळं मिळतं, ते नोंदणीच्या वेळीच घ्या.